डायरीतला पत्ता

सलग तीन वर्षं अनसूयाबाई वार्षिक बैठकीत एकच शब्द वाचून दाखवत आल्या होत्या: निरंक. रायापूरच्या एका शाळेच्या संचालक मंडळात मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेचं काम त्यांच्याकडे होतं, आणि तक्रार म्हणून कधी आलीच नव्हती. आमची मुलं गुणाची, असं त्या आपल्या केलगेरी गावभर सांगत सुटायच्या. शाळेच्या डायरीत त्यांचा हसरा फोटो होता आणि खाली तक्रारीसाठी मेलचा पत्ता. ते पान त्यांनी येईल त्या पाहुण्याला दाखवलं होतं.

यंदाच्या बैठकीत संगणकाचे नवे सर श्रीनिधी मध्येच म्हणाले, "अक्का, ह्या पत्त्यावरचे मेल कोण बघतंय हो?"

"जुने सर बघतात की."

"ते सोडून जाऊन दोन वर्षं झाली की. फोन द्या बघू."

जुन्या सरांनी तो पत्ता बाईंच्याच फोनवर लावून ठेवलेला निघाला. सारखं टुणटुण वाजतंय म्हणून त्यांनीच एकदा नातीकडून आवाज बंद करून घेतला होता. आत अकरा मेल होते, एकही उघडलेला नाही. सगळे एकाच मुलीचे, आठवीतल्या भार्गवीचे.

बाई मनातल्या मनात वाचू लागल्या. पहिला जूनमधला. 'बाई, एक जण माझा चेहरा दुसऱ्याच घाणेरड्या फोटोला लावून मला पाठवतोय. अप्पांना सांगू नका.' मग, 'तो खरे फोटो मागतोय.' नवव्यात एवढंच, 'बाई, तुम्ही वाचताय ना?' शेवटचा सोमवारचा. 'आता लिहीत नाही.'

पाच महिने! पाच महिने ही पोर त्यांच्या पर्समध्ये बसून हाका मारत होती, आणि त्या मिरवत होत्या.

"आठवीतली भार्गवी आज आलीय का?" त्यांनी मुख्याध्यापिकांना हळूच विचारलं.

"ताप आहे म्हणे. सोमवारपासून नाही."

बाई निरंकचा कागद तिथंच टाकून उठल्या. श्रीनिधींनी स्कूटर काढली. नवनगरला भार्गवीच्या घरी पोचेपर्यंत नको ते सगळं डोळ्यांपुढे येत होतं.

दार भार्गवीनंच उघडलं. बाईंचा जीव भांड्यात पडला. तिला जवळ घ्यायला त्यांनी हात पुढे केला, तशी पोर एक पाऊल मागं सरली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुम्ही खरंच आहात?" ती म्हणाली. "मला वाटलं, डायरीतला तो फोटोसुद्धा कुणीतरी बनवलेलाच असणार."