ओल्या जवळ्याचा भाव

नीरजा प्रधानला बाजारभावांची नाती बरोबर कळायची. माणसांची कळत नाहीत, असं तिच्या सासूबाई म्हणत, पण सासूचं कोण मनावर घेतं! वागळे इस्टेटमधली तिची कंपनी कोळंबीचं खाद्य बनवायची. त्या खाद्यात माशांची भुकटी लागते. तिकडे पेरूच्या समुद्रात मासेमारी बंद राहिली की जगभर भुकटी महागते, आणि मग आंध्रातल्या तळ्यांतली कोळंबी आपल्या किनाऱ्यावरच्या बारक्या मासळीवर पोसावी लागते. कुठला भाव कुठल्या भावामागे फरफटत जातो, हे सांगायचा नीरजाला पगार मिळे.

त्या वर्षी पेरूने हंगाम उघडलाच नाही. मीटिंगमध्ये तिचा साहेब स्वानंद वैतागला होता. वयाने तो तिच्याहून लहान.

"इथे एवढा जवळा निघतो, तो सगळा उन्हात वाळत पडतो. हे लोक आपल्याला का विकत नाहीत?"

इथे गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं? पण जिभेला हाड नसतं. डोंबिवलीच्या बाजारात नीरजा दर रविवारी सखुबाईकडून सुकी मासळी घ्यायची. कित्येक वर्षांची ओळख. घासाघीस करताना सखुबाईनेच कधीतरी सांगितलेलं तिने ऐटीत सांगून टाकलं.

"चार किलो ओला जवळा वाळला की एक किलो सुका होतो. ओल्यालाच किलोला तीस रुपये मिळाले, तर वाळवायची मेहनत कुणी घेणार नाही."

"शुअर?"

"अगदी."

"मग आपण एकतीस देऊ." स्वानंद हसला. "फक्त एक सीझन. मासळी वाळवायची खळी मोडली, बायका दुसऱ्या कामाला लागल्या की जवळा जाणार कुठे? पावसाळ्यानंतर अठरावर आणू."

पडत्या फळाची आज्ञा समजून सगळ्यांनी माना डोलावल्या. नीरजाला सखुबाई आठवली. तरी तिनेही मान डोलावली. नुकतीच मिळालेली शाबासकी कोण परत करतं?

बंदरावर टेम्पो उभे राहू लागले. त्यांच्यावर कंपनीचं नाव नव्हतं. तशीच पद्धत होती.

मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करायला नीरजा बाजारात गेली, तेव्हा सखुबाईपुढे एकच टोपली होती आणि तीही अर्धी. गिऱ्हाइकं चडफडत परत जात होती. सखुबाई मात्र खुशीत.

"ये गो बाय! यंदा माल नाय. टेम्पोवाला बंदरावरच ओला उचलतो, रोकडा एकतीस! ना ऊन, ना कावळे राखायचे."

"मग वाळवणं बंदच?"

"बंद! खळा पन देऊन टाकतो. पार्किंगवाला मागतो, पंधरा वर्सांचा करार. आमचा तानाजी तिकडं कागदासमोर बसलाय, माज्या फोनची वाट बगत." तिने नीरजाचा हात धरला. "तुज्या हापिसात मासळीच्या भावाचंच काम ना गो? मंग तूच सांग. ह्यो भाव टिकल ना?"

त्या खरखरीत हाताची नीरजाला भीती वाटली. खळं देऊ नका, एवढंच बोलायचं होतं. पण सखुबाई पोराला सांगणार, पोरगा बंदरावर सांगणार, टेम्पोवाला ऐकणार, आणि उद्या स्वानंद केबिनमध्ये बोलावून विचारणार की बातमी फुटली कुठून. तिला नोकरी हवी होती. सखुबाईचं खळं वाचवण्यापेक्षा जास्त हवी होती, आणि हे त्या क्षणी तिला लख्ख कळलं.

"टिकेल," ती म्हणाली.

सखुबाईने फोन लावला. "हां रे तानाजी, कर सही. बाईनी सांगला."

फोन कमरेला खोचून तिने टोपली उचलली आणि उरलासुरला सगळा जवळा नीरजाच्या पिशवीत ओतला. नीरजा पाकीट काढायला लागली, तशी सखुबाईने तिचा हात दाबून धरला.

"पैसे नको गो. आमच्या खळ्यावरचा शेवटचा हाय. घरच्या मानसालाच द्यायचा."