टकटककाकांचे तीन टक्के

शाळांची बाकं बनवणाऱ्या त्या कारखान्यात लाकडाचा ट्रक आला, की आधी टकटककाकांना हाक जायची. काका फळीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचे, कान लावायचे आणि निकाल द्यायचे, "ही घ्या. ही परत." आतून पोकळ किंवा ओली राहिलेली फळी त्यांच्या हातून सुटली, असं तेवीस वर्षांत कुणाला आठवत नव्हतं. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक. बाकी सगळ्यांना ते टकटककाका, अगदी मालकीणबाईंनासुद्धा.

मालकीणबाईंना तर लाकूड काकांनीच शिकवलं. वडील अचानक गेले आणि पंचविशीतल्या त्या पोरीच्या गळ्यात कारखाना पडला, तेव्हा लाकूड झाडापासून मिळतं यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं. काकांनी वर्षभर रोज दुपारी तिला गोदामात नेलं, फळ्या हुंगायला लावल्या, रेषा वाचायला शिकवल्या. "आता तुम्हाला कुणी फसवणार नाही," असं त्यांनी एक दिवस जाहीर केलं, तेव्हा ती हसली होती. आज ती चाळिशीची होती, आणि खरेदीच्या कागदावर काकांची सही दिसली की न वाचता खाली आपली सही ठोकत होती.

त्या सोमवारी लाकडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा भेटायला आला. म्हातारा व्यापारी दोन महिन्यांपूर्वी वारला होता आणि वखार आता मुलाच्या हाती आली होती. मालकीणबाईंनी काकांनाही आत बोलावून घेतलं. चहा झाला. मग मुलानं पिशवीतून एक जुनी वही काढली.

"वडिलांनी तुमच्या प्रत्येक बिलापुढे 'ट. का.' लिहून तीन टक्के काढून ठेवलेत," तो म्हणाला. "तुमच्या कारखान्याची सूट असावी, रोखीनं देत असतील. आता ती मी बिलातच कमी करून देतो. सरळ हिशेब बरा."

"ट. का.?" मालकीणबाई हसल्या. "टक्के कापून, असं असेल."

"मलाही तसंच वाटलं."

हसता हसता त्यांची नजर काकांकडे गेली आणि हसू तिथंच थांबलं. काका रिकामा कप पुन्हा तोंडाला लावत होते.

मुलगा गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. "काका, ट. का. म्हणजे तुम्हीच ना?"

खोटं बोलायला काकांना वेळ होता, पण जीभ रेटेना. "चौदा वर्षं घेतोय," ते म्हणाले. "पण बाई, एक फळी वाईट घेतली असेन तर सांगा! भावही बाजाराचाच दिला. तुमचं पैशाचं नुकसान होऊ दिलं नाही."

"आत्ता तो मुलगा तीन टक्के कमी करून देतो म्हणाला. म्हणजे देता येत होते."

इतक्या वर्षांत ही बाजू त्यांच्या डोक्यातच आली नव्हती, किंवा त्यांनी ती येऊ दिली नव्हती.

सुरुवात अगदी साधी झाली होती. त्यांच्या एकुलत्या एक मुलीला दातांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळाला आणि फीचा आकडा ऐकून काकांच्या तोंडचं पाणी पळालं. व्यापाऱ्याला ते कुठून तरी कळलं. त्यानं पाकीट हातात ठेवलं. "पोरीच्या फीला. मोठा भाऊ समजा." पुढच्या बिलाला पुन्हा पाकीट आलं, त्याच्या पुढच्यालाही. काकांनी त्यातून स्वतःसाठी रुमालसुद्धा घेतला नाही. फी भरून जे उरलं ते साठवलं, आणि नऊ वर्षांपूर्वी बाजारपेठेत, रस्त्याला लागून, मुलीच्या दवाखान्यासाठी तळमजल्यावरची एक खोली घेतली. बायकोला सांगितलं, बोनस.

आठवड्यानं कारखान्याच्या वकीलबाईंच्या ऑफिसात तिघं बसली. काकांनी कागदावर आकडा मांडून आणला होता. "जेवढे घेतले तेवढे फेडतो. हप्ते बांधून द्या."

वकीलबाईंनी कागद बाजूला सरकवला. "खोली कोणत्या पैशातून घेतली?"

"त्याच."

"मग कंपनी खोली मागू शकते. आज तिची किंमत तिप्पट झालीय, ती वाढही कंपनीची."

"वाढ कंपनीची कशी?" काका उसळले. "खोली मी शोधली, रंग मी स्वतः दिला! आणि कारखान्याचं असं काय बुडालं?"

"कायदा याला लाच म्हणतो, काका. बुडालं की नाही, ते इथं बघतच नाहीत. व्यापाऱ्यानं पैसे तुम्हालाच का दिले? तुमचे डोळे सुंदर म्हणून?"

"खरेदी माझ्या हातात होती म्हणून."

"आणि ती तुमच्या हातात कुणी दिली होती?"

काकांनी मालकीणबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"नोकरानं मालकाच्या कामाच्या जोरावर गुपचूप मिळवलेला पैसा पहिल्या दिवसापासून मालकाचा," वकीलबाई म्हणाल्या. "त्याचं पुढे जे काही घेतलं, तेही मालकाचंच."

लाच. काकांनी चौदा वर्षांत हा शब्द मनातल्या मनातसुद्धा उच्चारला नव्हता. ते 'तीन टक्के' म्हणत. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या मुलीला यातलं काही माहीत नाही."

"मग तुम्ही सांगा," मालकीणबाई पहिल्यांदाच बोलल्या. "कोर्टाचा कागद तिच्या हातात पडण्याआधी तुमच्या तोंडून कळू दे. तेवढ्यासाठी मी दावा थांबवते."

दुपारी काका दवाखान्यात गेले. बाकड्यावर कुणी नव्हतं. मुलगी हत्यारं पुसून ट्रेमध्ये लावत होती. "बाबा, दाढ पुन्हा?" तिनं विचारलं. काका पेशंटच्या खुर्चीच्या काठावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. मध्येच थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही, या भीतीनं त्यांनी श्वाससुद्धा घेतला नाही.

तिनं हातातलं हत्यार ट्रेमध्ये ठेवलं. मग म्हणाली, "आईला?"

"बोनस म्हणून सांगितलं."

"आणि माझी फी?"

"तीही त्यातलीच."

तिनं भिंतीवरच्या आपल्या पदवीच्या चौकटीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "चारला एक आजी यायच्यात. त्यांना घाबरायला होतं," ती म्हणाली. "तुम्ही घरी जा. आईला मी येईपर्यंत सांगून ठेवा."

रात्री घरात कुणी जेवलं नाही, आणि कुणी ओरडलंही नाही. काकांना ओरडलेलं परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी कारखान्यात गेली. काका मागोमाग गेले. वकीलबाईही तिथंच होत्या.

"खोली तुमची आहे, असं मला कळलं," मुलगी मालकीणबाईंना म्हणाली. "माझं काही म्हणणं नाही. आतली यंत्रं मी कर्ज काढून घेतलीत, ती तेवढी नेईन. दुसरी जागा शोधायला दोन महिने द्या."

"अगं, लढू तरी!" काकांना राहवलं नाही. "आपलाही वकील बघू. नऊ वर्षांची तुझी पुण्याई आहे त्या जागेत."

"बाबा, मी रोज लोकांना सांगते, दुखलं तर हात वर करा, मी थांबते." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "चौदा वर्षांत तुम्ही एकदा तरी हात वर करायचा होता. मी कॉलेज सोडलं असतं. कुठं तरी नोकरी केली असती."



मालकीणबाईंनी बराच वेळ पेनचं टोपण लावलं आणि काढलं. मग म्हणाल्या, "खोली कंपनीच्या नावावर होईल, त्यात मी सूट देणार नाही. पण मी ती घेऊन काय करू, बाकं भरून ठेवू? तुम्ही तिथंच राहा. भाडं बाजारभावानं द्या. फीपुरते पैसे काका हप्त्यानं फेडतील."

"भावनेच्या भरात करार करू नये," वकीलबाई पुटपुटल्या.

"करार तुम्हीच करा की. भावना माझ्या."

त्याच दिवशी काकांची नोकरी गेली.

खोलीच्या कागदांवर सह्या झाल्या, तेव्हा नोंदणी कचेरीच्या पायऱ्यांवर काका आणि मालकीणबाई क्षणभर दोघंच राहिले. काकांनी धीर करून विचारलं, "बाई, तेव्हा मी फीसाठी पैसे मागितले असते, तर दिले असतेत?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "धंदा बुडायला आला होता तेव्हा. कदाचित नाही म्हटलं असतं." मग त्यांचे डोळे भरून आले. "पण काका, तुमची सही बघून मी डोळे मिटून सही करायची हो."

काकांना पाया पडावंसं वाटलं. पण वयानं लहान बाई, म्हणून ते तसेच उभे राहिले. गाडी आली, त्या निघून गेल्या.

चार महिने काका घरात बसून होते. शेवटी बायकोनंच त्यांना बाहेर काढलं. "मी रोज तुमचं हे तोंड बघणार नाही. कुठं तरी कामाला लागा." गावाबाहेर दारं-खिडक्या बनवणारा एक कारखाना होता. तिथल्या मालकानं काकांची ख्याती ऐकली होती. तो खरेदीच बघा म्हणाला.

"आधी मी तिथून का निघालो, ते ऐका," काका म्हणाले, आणि उभ्या उभ्याच सांगितलं. या खेपेला मध्ये श्वासही घेतला.

मालकानं कान खाजवला. "मग खरेदी नको," तो म्हणाला. "पोरांना लाकूड ओळखायला शिकवाल? पगार कमी पडेल."

"चालेल," काका म्हणाले. "कधीपासून येऊ?"