उशी आणि शिडी

नातीच्या तोंडाला क्षणाची उसंत नसे, म्हणून आजोबांनी तिचं नाव बडबडी ठेवलं होतं. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून घरी बसलेल्या माणसाला संध्याकाळचा खेळगडी मिळाला तो हाच. खेळ सोपा होता. डोळे मिटून जाडजूड शब्दकोश दोनदा उघडायचा, बोट पडेल ते दोन शब्द घ्यायचे आणि त्यांच्या अर्थांत काय सारखं आहे ते सांगायचं.

आता मुलगा-सून बडबडीला घेऊन दूरच्या शहरात राहायला निघाले होते. आजोबांच्या जिवाला एकच घोर लागला होता. तिकडे गेल्यावर पोर फोनवर हा खेळ खेळेल का? म्हणून बांधाबांधीच्या गडबडीतही त्यांनी तिला कोश घेऊन बसवलं. शब्द निघाले पिलो आणि लॅडर.

बडबडी खोक्यावर बसून पाय हलवत राहिली. मग म्हणाली, "दोन्ही कुणीतरी धरून ठेवावं लागतं. आजारी आजीला बसवताना तुम्ही पाठीमागे उशी धरायचात ना? आणि बाबा माळ्यावर चढले की आई शिडी धरते. नाहीतर पडतात."

उत्तर आजोबांना मनापासून आवडलं. पण हात पडला लाल पेनाचा, जित्याची खोड.

"हा उपयोग झाला, अर्थ नव्हे. कोशात बघ, धरण्याचा कुठे उल्लेख आहे का?"

चादरींच्या घड्या घालता घालता सून म्हणाली, की शाळा सुटली तरी आजोबांचा तास काही सुटत नाही. आजोबा हसले. बडबडीने मात्र दोन्ही शब्दांखालून बोट फिरवलं आणि नाही म्हणून मान हलवली.

नव्या घरून फोन आला तेव्हा आजोबांनी मुद्दाम तेच शब्द दिले. त्या दिवशी तू म्हणालीस तेच पुन्हा सांग, म्हणाले.

बडबडी धडा म्हणून दाखवावा तशी बोलली, "पिलो म्हणजे डोक्याखाली घ्यायची मऊ वस्तू. लॅडर म्हणजे चढायचं-उतरायचं साधन. सारखं काही नाही."

"आणि आजीची उशी गं?"

"तो उपयोग झाला, आजोबा," तिने त्यांना समजावलं. "आता पुढचे शब्द द्या."

इतकं नेमकं उत्तर त्यांना वर्गातही क्वचितच मिळालं होतं. ते चुकलंय हे पोरीला कोणत्या तोंडाने सांगावं, आजोबांना कळेना.