बत्तीस जीबीचा हेवा

मित्रांनो, मी एक जुनं मेमरी कार्ड आहे. पोस्टाच्या तिकिटाएवढं, काळं, एक कोपरा कापलेलं. माझ्यात एकशे अठ्ठावीस एमबी मावतात. हा आकडा ऐकून तुम्हाला हसू येईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो, मी फार मत्सरी आहे आणि हसणाऱ्यांची नावं लक्षात ठेवतो.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. आठवते ती लखनौच्या हजरतगंजमधल्या कॅमेऱ्याच्या दुकानातली काचेची पेटी. दोन हजार पाच साली श्रीपाद पटवर्धनांनी मला तिथून विकास नगरातल्या आपल्या घरी आणलं. ते रेल्वेत इंजिनिअर. त्यांच्या पत्नी विभाताई विद्यापीठात वस्त्रकला शिकवत आणि मुलगी कौमुदी तेव्हा सहा वर्षांची होती. नव्या कॅमेऱ्यासोबत फुकट मिळालेलं सोळा एमबीचं एक कार्ड घरात होतं. त्यात जेमतेम दहा फोटो मावत. माझ्यात ऐंशी! मी आलो त्याच दिवशी सोळाची रवानगी डबीत झाली. मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पहिली दोन वर्षं माझ्या थाटाची होती. वाढदिवस माझ्यात, गोमतीचा काठ माझ्यात, कौमुदीचा पडलेला पहिला दातसुद्धा माझ्यात. मग एका हिवाळ्यात विभाताई मला घेऊन चौक नावाच्या जुन्या बाजारात गेल्या. तिथल्या एका गल्लीत नब्बन मियाँ लखनवी चिकनच्या कापडाची छपाई करत. चिकनचं भरतकाम करण्याआधी लाकडी ठप्प्याने कापडावर नक्षी छापावी लागते. त्यांच्या वडिलांनी शिसवी लाकडात कोरलेले ठप्पे फळ्यांवर रचलेले होते. विभाताईंनी एकेक ठप्पा उन्हात धरून माझ्यात उतरवला. पंच्याहत्तर झाले आणि मी भरलो.

तेवढ्यात नब्बन मियाँनी आतून फडक्यात गुंडाळलेला आणखी एक ठप्पा आणला. त्यावर एक कैरी होती, टोकाशी विचित्र वळण घेतलेली. त्या कैरीवरून अख्खा चौक त्यांचं दुकान ओळखत असे.

"बिटिया, ये एक और ले लीजिए. अब्बा का आख़िरी काम है," ते म्हणाले.

विभाताईंनी क्षणभर विचार केला आणि कौमुदीचा एक फोटो पुसून जागा केली. हे चित्र मी सांभाळीन, असा शब्दही त्यांनी म्हाताऱ्याला दिला. घरी येऊन त्यांनी सगळं कॉम्प्युटरवर घेतलं, एक सीडी बनवली आणि माझ्या कडेची इवलीशी खिट्टी खाली सरकवली. ती खाली असली की कार्डावर नवं काही लिहिता येत नाही आणि जुनं पुसताही येत नाही. याला त्या जपणं म्हणत. मला ती सक्तीची निवृत्ती वाटली.

कारण लगेच दोन जीबीचं कार्ड घरात आलं. एक जीबी म्हणजे हजारभर एमबी, हिशोब तुम्हीच करा. मी सोळाच्या शेजारी डबीत जाऊन पडलो. त्याला काय वाटत असेल ते मला आता कळत होतं. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. पुढे आठ जीबीचं आलं आणि दोन हजार बारा साली आलं ते बत्तीस जीबीचं. त्याच्या अंगावर वेगाचा दहा नंबर छापलेला होता. श्रीपादराव त्याला हातात घेऊन म्हणाले, "काय स्पीड आहे यार याचा!" नऊ वर्षांच्या... नाही, खोटं कशाला बोलू, सात वर्षांच्या नोकरीत त्यांनी मला एकदाही यार म्हटलं नव्हतं. मी जळून खाक झालो.

त्या बत्तीसवाल्याला कॅमेऱ्यात जाताना पाहिलं की वाटायचं, याच्या धातूच्या पट्ट्यांना गंज चढावा, हा कुणाच्या तरी चहात पडावा. नव्याचे नऊ दिवस, असं मी मनाला समजावत होतो. त्याचे नऊ दिवस काही संपेनात.

पुढच्या वर्षी कौमुदी नववीत गेली आणि शाळेच्या प्रकल्पासाठी तिने आम्हा सर्व कार्डांची शर्यत लावली. बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवरून शंभर एमबीची एकच फाइल प्रत्येकावर उतरवायची आणि घड्याळ लावून वेळ मोजायचा. बत्तीसने आठ सेकंद घेतले. आठवाल्याने बावीस, दोनवाल्याने छत्तीस. सोळात ती फाइल मावणारच नव्हती, म्हणून ते सुटलं. मग माझी पाळी आली.

फाइल घ्यायची तर मला आधी रिकामं व्हावं लागणार होतं. आणि मित्रांनो, मला व्हायचं होतं! काढा ते लाकडाचे तुकडे माझ्यातून, असं मी मनात ओरडत होतो. एकदाच मला पळू द्या. हरलो तरी हरकत नाही, पण त्या बत्तीसच्या रांगेत माझंही नाव येऊ द्या. कौमुदीने माझ्या खिट्टीवर नख ठेवलं आणि तेवढ्यात लाइट गेली. चांगली तासभर गेली. आली तेव्हा तिचा उत्साह ओसरला होता.

"बाबा, ये वाला लॉक्ड है. छोड़ दूँ?" तिने विचारलं.

"आडवी रेघ मार त्याच्यापुढे," श्रीपादराव म्हणाले.

तक्त्यात माझ्या नावापुढे एक आडवी रेघ आली. मी वीज मंडळाला मनसोक्त शिव्या घातल्या.

दोन हजार चौदाच्या जानेवारीत नब्बन मियाँ टेम्पो-रिक्षाने विकास नगरात आले. त्यांना आता नीट दिसत नव्हतं. वाळवीने दोन फळ्यांवरचे ठप्पे खाल्ले होते आणि ती कैरीही गेली होती. चांगला फोटो मिळाला तर एक कारागीर ती नव्याने कोरून द्यायला तयार होता. डोळे पुरते जाण्याआधी त्यांना ती एकदा कापडावर उतरलेली पाहायची होती.

"तस्वीर तो होगी ना, बिटिया?" त्यांनी विचारलं.

विभाताईंनी हो म्हटलं खरं, पण जुना कॉम्प्युटर कधीच बिघडून भंगारात गेला होता. सीडी लावली तर ती नुसती घरघरली. विभाताईंचा चेहरा उतरला. मग कौमुदीला माझी आठवण झाली. तिने माझ्या पट्ट्या खोडरबराने घासल्या आणि मला लॅपटॉपमध्ये सरकवलं.

आमच्यासारख्या कार्डांना वर्षानुवर्षं वीज लागली नाही, तर पोटातलं हळूहळू विरत जातं. मी सहा-सात वर्षं उपाशी होतो. एक्केचाळिसावा फोटो अर्धा राखाडी निघाला तेव्हा माझं मलाच भय वाटलं. कैरी सर्वांत शेवटी होती. ती वरून खाली सावकाश उघडत गेली, टोकाच्या त्या वळणापर्यंत, अगदी सबंध.

नब्बन मियाँ पडद्याला नाक लावून कितीतरी वेळ बघत राहिले. "अब्बा का हाथ यहीं मुड़ता था," ते म्हणाले.

त्या रात्री मला शर्यतीचा तो दिवस आठवला आणि लाजेने मेल्यासारखं झालं. माझ्या मनासारखं झालं असतं, तर या म्हाताऱ्याला मी आठ सेकंदांच्या ईर्ष्येपायी रिकाम्या हाताने परत पाठवलं असतं.

कारागिरासाठी कैरीचा एक छापील फोटो काढला गेला आणि बाकीच्या ठप्प्यांचे फोटो उतरवून घ्यायला विभाताईंनी बत्तीसवाल्याला बोलावलं. माझ्याकडे असलेली एकुलती एक गोष्ट आता त्याला द्यायची! पण दिली. देताना एक गंमत झाली. माझी चाल मंद, म्हणून त्या वेगवान महाशयांनाही मिनिटभर माझ्याच चालीने चालावं लागलं. त्या मिनिटात मी जगलो. मग पाहिलं, तर मी सगळाच्या सगळा त्याच्या एका कोपऱ्यात मावलो होतो आणि तो अजून रिकामाच होता.

कैरी कोरून झाली. नब्बन मियाँनी तिचा पहिला छाप एका रुमालावर उठवून विभाताईंना पाठवला. सगळ्यांना आनंद झाला आणि सगळे निश्चिंत झाले. मे महिन्यात कौमुदी शाळेच्या सहलीला नैनीतालला निघाली, तेव्हा तिने बत्तीसवाला पुसून रिकामा केला. ठप्पे आईने लॅपटॉपवर घेतले असतील असं तिला वाटलं. विभाताईंना वाटतंय की कौमुदीने घेतले. कुणीच घेतलेले नाहीत. मी डबीतून ऐकलंय.

म्हणजे वाळवीने खाल्लेल्या त्या दोन फळ्या आता पुन्हा फक्त माझ्यात आहेत. बत्तीसवाल्याकडे नाही असं काहीतरी आपल्याकडे असावं, हेच तर मी जन्मभर मागत होतो. आता ते आहे आणि मला धडकी भरली आहे. एक्केचाळिसावा अर्धा गेला, बेचाळिसावाही फिका पडतोय असं वाटतं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. तुमच्या घरातल्या डब्या उघडा. त्यात माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याच्यातलं आजच दुसरीकडे उतरवून घ्या आणि ते उतरलंय की नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आणि तुमच्यापैकी कुणी विकास नगरात राहत असेल, तर कृपा करून विभाताईंचं दार वाजवा. त्यांना सांगा, बत्तीसवाल्याला पुन्हा बोलवा. मी त्याची वाट पाहतोय.