घर क्रमांक एकशे अठरा, रिकामे

आडबंदरची ग्रामपंचायत मोडून नगरपंचायत झाली त्याला तीन वर्षं झाली. गटारं होती तशीच राहिली, फलक तेवढे वाढले. चैत्रात एक दिवस नगरपंचायतीच्या व्हरांड्यात भिंतभर नकाशा लागला. वर लिहिलं होतं, 'शहर विकास आराखडा. बाजारपेठेचा कायापालट आणि सर्वांसाठी घरे.' खाली बारीक अक्षरांत, की कोणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी द्यावी.

लवू गवंडी तो नकाशा बघायला आपणहून गेला नव्हता. शेजारच्या सुदेशने त्याला ओढून नेलं. बायको गेल्यापासून, म्हणजे मार्गशीर्षापासून, लवू बाजारातही नीट जात नव्हता. कामावर जायचा, चिरे लावायचा, घरी येऊन पेज करून प्यायचा.

"लवूदा, आपली वाडी खंय ती सांग बघूया," सुदेश म्हणाला.

लवूने आधी देऊळ शोधलं. देवळावरून तळी, तळीवरून वाट. वाट सापडली, पण वाडी निळी होती, मधला एक पिवळा ठिपका सोडून. गावातली बाकीची घरं पिवळी.

"निळा म्हणजे काय रे?"

"बाजार. हॉटेलां, दुकानां, पर्यटकांच्ये गाडये लावूक जागा."

"आणि आमी?"

"आमका वर डोंगरावयल्या सडयार नेतले. चार माळ्यांची बिल्डिंग, दोन दोन खोल्ये. तुळस खिडकीत लाव नि कोंबो गॅलरीत बांध."

नकाशाशेजारी यादी होती. वाडीत सदतीस घरं. छत्तीस घरांपुढे एकच शेरा होता. लवूने बोट फिरवत आपला आकडा गाठला. 'घर क्र. ११८. रिकामे, वापरात नाही.'

त्याने ते दोनदा वाचलं. ते घर त्याने स्वतः बांधलं होतं. चिरा न् चिरा त्याच्या हातचा, आणि प्रत्येक चिरा सावित्रीने डोक्यावरून आणून दिलेला. तीस वर्षं त्यात चूल पेटत होती.

सुदेशने शेवटच्या रकान्यातली तारीख वाचली आणि तो मोठ्याने हसला. "अरे मेल्यांनी गावपळणीत मोजणी केल्यानी! दुसऱ्या दिसाक! मगे घरात काय भुतां गावतली?"

व्हरांड्यातले चारपाच जण हसले. लवू हसला नाही.

आडबंदरात दर चार वर्षांनी गावपळण असते. रवळनाथाचा कौल झाला की अख्खा गाव घरदार सोडून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. पल्याडच्या माळावर माडाच्या झापांच्या खोपी घालून तीन दिवस, तीन रात्री काढायच्या. त्या तीन दिवसांत गाव देवाचा. आत पाऊल टाकायचं नाही, कोणी मागे राहायचं नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा आणि मग घरी. नोकरीतली माणसंही रजा काढून पाळतात.

गेल्या गावपळणीला सावित्री अंथरुणात होती. पोटातली गाठ वाढली होती, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "माका हयसरच रवांदे. मी खंय गावात फिरतलंय? हालूकसुदा गावणा नाय."

लवूलाही वाटलं, ठेवावं. तो गुरुप्रसादकडे विचारायला गेला. गुरुप्रसाद त्यांच्याच वाडीतला, देवळाचा मानकरी आणि आता वॉर्डाचा नगरसेवक. दोन्ही मान एकाच डोक्यावर. त्याने ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि मान हलवली.

"लवू, त्या तीन दिसात हयसर देवाचा राज्य. माणसान रवाचा नाय. उद्या गावाक काय झाला तर नाव तुझाच येतला. माझी सख्खी आवस असती तरी मी तिका भायर काढलंय असतंय."

मानकऱ्याने सांगितल्यावर विषय संपला. सकाळी लवू आणि सुदेशने सावित्रीला खुर्चीत बसवून उचललं. उंबऱ्यावर तिने थांबवलं. आदल्या संध्याकाळी धुतलेली तिची हिरवी साडी, पिवळ्या काठांची, बादलीत तशीच पिळून पडली होती.

"ती वाळत घाल दोरयेर," ती म्हणाली. "घर अगदीच बोडक्या दिसता."

लवूने घातली. मग वेस ओलांडली. माळावर थंडी होती, खोपीत वारा शिरत होता. दुसऱ्या दिवशी ती दोनदा म्हणाली, "माका घराक व्हर." लवू म्हणाला, "परवा जावया." तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. गाव बंद, म्हणून तिला घरी आणता आलं नाही. शेजारच्या गावच्या मसणात तिला पेटवली. लवू परतला तेव्हा साडी दोरीवरच होती, उन्हाने नि दवाने कडक झालेली.

तर त्याच दुसऱ्या दिवशी मोजणीवाले येऊन गेले होते.

लवूने सुदेशकडून हरकत लिहून घेतली. चारच ओळी. मी या घरात राहतो. मोजणी झाली त्या दिवशी गावपळण होती. घर रिकामे नाही. यादीतून काढावे.

दोन दिवसांनी गुरुप्रसाद घरी आला. पडवीत बसला. पाणी प्यायला. सावित्रीच्या फोटोला हात जोडले.

"हरकत दिलंस म्हणे."

"दिलंय."

"बरा केलंस. पण सुनावणेक येव नको. मी आसंय ना. तुझा घर मी यादीतसून काढून घेतंय. तुझा एकट्याचा. वाडयेत बोलू नको, नायतर सगळेच उठतले."

"आणि सुदेशाचा?"

"सुदेशाक झील आसत, कमावते. तेका सडयार बरा पडात." त्याने लवूच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू दुखात आसंस म्हणान करतंय. वयनी माका बहिणीसारखी."

लवूने त्या हाताकडे बघितलं. हातात मानकऱ्याचं चांदीचं कडं होतं. त्याला घर हवं होतं, दुसरं काही नको होतं. तिची चूल, तिचं कांडायचं वायन, तिने सारवलेलं दारापुढचं खळं. 'होय' म्हटलं असतं तर त्याच दिवशी मिटलं असतं. तो म्हणाला, "बघतंय."

सुदेशचं घर पलीकडे दिसत होतं. सावित्रीची खुर्ची ज्याने दुसऱ्या बाजूने उचलली होती, त्याचं घर. त्या रात्री लवू जेवला नाही.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. वाडीतली झाडून सगळी आली होती, बायका दाराशी. समोर मुख्याधिकारी बाई, त्यांच्या बाजूला गुरुप्रसाद पांढऱ्या कपड्यांत, आणि आराखडा करणाऱ्या पुण्याच्या संस्थेचा तरुण, विनीत नावाचा. मुलगा सभ्य होता. पडद्यावर चित्रं दाखवत होता. निळ्या वाडीच्या जागी दुतर्फा माड लावलेला रस्ता, खुर्च्या टाकलेली दुकानं, हातात हात घालून चाललेली गोरी माणसं.

"ही कोण रे? खंयची?" दारातून एक म्हातारी म्हणाली. "आमच्यातला एकय दिसणा नाय."

"आमी सडयार चढतो गो आये, दम खातो," सुदेश म्हणाला. हशा झाला.

मुख्याधिकारी बाईंनी टेबल वाजवलं. "प्रत्येक घराची पाहणी झालेली आहे. फोटो आहेत. हरकत क्रमांक चार, घर एकशे अठरा."

पडद्यावर लवूचं घर आलं. बंद दार, खळं, तुळस. आणि दोरीवर हिरवी साडी, पिवळ्या काठांची, पोटात वारा भरून फुगलेली.

लवू उभा राहिला. फोटो काढला तेव्हा ती जिवंत होती, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. अर्ध्या कोसावर खोपीत पडून ती घरी ने म्हणत होती, तेव्हा इकडे हे चाललं होतं.

"बोला," बाई म्हणाल्या.

कचेरीत बोलायची मराठी त्याने आठवून काढली. "बाई, ती साडी माझ्या बायकोची आहे. रिकाम्या घराच्या दोरीवर साडी असते का?"

विनीत नम्रपणे म्हणाला, "काका, कपडे कोणीही वाळत घालू शकतं. आम्ही दार वाजवलं, उत्तर आलं नाही. नियमाप्रमाणे तसा शेरा मारावा लागतो."

लवू पडद्याजवळ गेला. साडीकडे बघता बघता त्याला फोटोची कड दिसली. कुंपणाच्या गडग्याला टेकून स्कूटरचं मागचं चाक. चाकावरच्या पत्र्यावर लाल अक्षरं, 'रवळनाथ प्रसन्न'. तशी स्कूटर आडबंदरात एकच होती.

तो वळला. "पोरा, तुम्हांला त्या दिवशी यायला कोणी सांगितलं?"

"नगरसेवक साहेबांनीच वेळ दिली होती," विनीत सरळ मनाने म्हणाला. "म्हणाले, त्या दिवशी या, रस्ते मोकळे मिळतील, कोणी अडवणार नाही. घरं दाखवायला ते स्वतः बरोबर होते. त्यांचं घर तर त्यांनी उघडूनही दाखवलं. चहा केला आम्हांला."

सदतिसावं घर पिवळं का राहिलं ते तेव्हा सगळ्यांना कळलं.

गुरुप्रसाद टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

"चाय केलंस?" लवू म्हणाला. आता त्याला कचेरीची भाषा सुचेना. "देवाच्या राज्यात चूल पेटवलंस? माझ्या बायलेक भायर काढूक लावलंस आणि तू आत येवन चाय पिलंस?"

"लवू, वायच बस. भायर बोलाया."

"हयसरच बोल. ती घराक व्हर म्हणा होती. मी नेलंय नाय. कित्याक? तुया सांगलंस म्हणान."

गुरुप्रसादचा चेहरा कसनुसा झाला होता, पकडलेल्या माणसाचा होतो तसा. पण त्यात दुःख नव्हतं. लवू ते बारकाईने शोधत होता. नव्हतंच. तो खिडकीशी गेला आणि बाहेर थुंकला.

बाईंनी लिहून घेतलं. गावपळण म्हणजे काय ते त्यांनी विनीतला विचारलं, त्यालाही ठाऊक नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "हरकतीची नोंद घेतली आहे. छत्तीस घरांची फेरपाहणी होईल. पावसाआधी केव्हाही. तारीख आगाऊ कळवली जाणार नाही. आराखडा मात्र रद्द होत नाही, हे लक्षात घ्या."

त्या संध्याकाळी देवळात गाव जमला. सगळे तापले होते. बाटवल्यान, बुडवल्यान, देव कोपतलो, असं जो तो म्हणत होता. लवू खांबाला टेकून ऐकत होता. त्याला वाटलं, आता कोणी घरांचं बोलेल. कोणी विचारेल, हे कोणासाठी केलंस, सड्यावरची जमीन कोणाची, निळ्या जागेत तुझं काय. कोणी विचारलं नाही. सगळ्यांचा राग चुलीवर आणि चहावर होता.

गुरुप्रसाद पागोटं बांधून आला, देवापुढे आडवा पडला, नारळ ठेवला. चूक झाली, पदरात घे म्हणाला. कौल लावला. उजवा झाला. देवाने सोडलं, आता माणसांनी धरून ठेवायचं नाही, असं म्हाताऱ्यांनी ठरवलं. प्रसादाचं खोबरं फिरलं. गुरुप्रसादने स्वतः एक तुकडा लवूपुढे धरला.

लवूने घेतला नाही.

"घे रे लवू," मागून कोणी म्हणालं. "झाला गेला विसर."

"माका एक सांगूचा आसा," लवू म्हणाला. तो मोठ्याने बोलला नाही, पण देवळात आवाज घुमतो. "पुढच्या गावपळणीक मी घर सोडूचंय नाय."

मग जो गोंधळ उठला, तेवढा सबंध संध्याकाळभर उठला नव्हता. वेडो झालो रे. गावाचा वाटोळा करतलो. वाळीत घाला. म्हातारे उठून उभे राहिले. दोघे तर त्याच्या अंगावर आले. ज्याने गावपळण मोडली त्याला खोबरं, आणि जो मोडीन म्हणाला त्याला ही शोभा. गुरुप्रसाद मध्ये पडला, हात पसरून. "तेका कायव बोलू नकात. दुखात आसा बिचारो."

लवूने तेवढं ऐकलं आणि चपला न घालताच तो पायऱ्या उतरला.

सुदेश मागोमाग चपला घेऊन आला. आपल्या फाटकाशी थांबून म्हणाला, "फेरपाहणी कधी येतली ते म्हायत नाय. दिवसभर कामार रवतंस. दार बंद दिसला तर परत रिकामाच लिवतले."

"येवंदेत."

दुसऱ्या दिवशी पहाटे लवूने ट्रंक उघडली. हिरवी साडी काढली, विहिरीवर नेऊन धुतली, पिळली आणि दोरीवर घातली. उंबऱ्यापाशी पाट टाकला आणि त्यावर बसला. बांधकामावर निरोप धाडला की पाऊस लागेपर्यंत कामाला येणार नाही.

दुपारी गुरुप्रसादची स्कूटर वाटेने गेली. त्याने वेग कमी केला, साडीकडे पाहिलं, उंबऱ्यावरच्या माणसाकडे पाहिलं. लवूने हात वर केला नाही. साडी वाळली होती. तो उठला, ती बादलीत घातली, पुन्हा भिजवली आणि पुन्हा दोरीवर टाकली.