तीनशे काड्या

दोनशे अकरावी काडी अयोध्यानं चिमट्यानं उचलून काळ्या पुठ्ठ्यावर ठेवली आणि रणधीर सरांनी पंखा लावला. पुठ्ठ्यावरच्या सगळ्या काड्या टेबलाखाली गेल्या.

"सर, पंखा..."

"ताई, उकाड्यानं जीव चाललाय. चाळणी पास म्हणतीय ना? मग ही कसली रांगोळी मांडलीय?"

अयोध्यानं उठून पंखा बंद केला. तोंडाला पदर बांधला, कारण तिच्या श्वासानंही काड्या हलायच्या. पोत्यातून नवी मूठ काढली. एक.

नळदुर्गजवळच्या या कारखान्यात तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, चुरा चुन्यात कालवून विटा पाडत. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत अयोध्या त्या विटा डोक्यावरून वाहायची. नजर बारीक आहे म्हणून मालकांनी, शरणबसप्पांनी, तिला या टेबलावर बसवलं. दर लॉटच्या तीनशे काड्या, लांबी-रुंदी वहीत. इंजिनियर रणधीर सरांचा भरवसा मात्र हलत्या चाळणीवर. आजचा लॉट तिच्याच गावच्या अंगणवाडीचा होता. जूनपासून तिची लेक त्या विटांच्या भिंतीला टेकून बसणार होती.

दुपारी शरणबसप्पा आले.

"तीनशेत एक्क्याण्णव मापापेक्षा लांब हायेत, अण्णा," ती म्हणाली. "वीट ठोकताना असल्या काड्या आडव्या निजत्यात. मग पापुद्रे सुटत्यात."

"बारा मिलिमीटरच्या भोकातून एवढी लांब काडी जाईलच कशी?" रणधीर सर म्हणाले. "गडी सकाळपासून चुना भिजवून बसलेत, अण्णा."

शरणबसप्पांनी कपाळ पुसलं. "अयोध्याबाई, बघा बरं. चुकलं तर लॉट अडवल्याचं तुमच्यावर यील."

यील म्हणजे पुन्हा डोक्यावर विटा. तिनं ते ओळखलं. क्षणभर चिमटा नुसताच बोटांत फिरला.

"चाळणी द्या हिकडं."

तिनं मूठभर चुरा चाळणीत टाकला आणि हलक्या हातानं घोळला. लांब काड्या वर निवांत लोळत राहिल्या. मग मशीन हलवतं तशी तिनं चाळणी धडाधड आपटली. त्याच काड्या उभ्या झाल्या आणि एकेक करून भोकातून खाली उतरल्या.

"ज्वारी चाळताना असंच हुतंय, सर. चाळणीला जाडी कळती, लांबी न्हाय. म्हणून तर सासूबाई चाळल्यावरबी निवडायला बसवायच्या. तवा मला लई राग यायचा."

रणधीर सरांनी खालची काडी पट्टीवर ठेवली. छत्तीस मिलिमीटर. दुसरी, एक्केचाळीस. तिची फाटकी टोकं त्यांनी नखानं उकलून पाहिली.

"कुट्टीच्या मशीनचं पातं बोथट झालंय," ते म्हणाले. "कापत नाही, नुसतं उभं चिरतंय."

"व्हय," अयोध्या म्हणाली. चाळणी झटकून तिनं बाजूला ठेवली.

पातं बदललं. लॉट पुन्हा कुट्टीत गेला. गड्यांनी दिवसभर तिच्या नावानं बोटं मोडली, "अंगणवाडी बांधतीय का ताजमहाल?" म्हणून चिडवलं. तिनं मान वर केली नाही.

चार दिवसांनी नव्या चुऱ्याच्या काड्या मांडायला बसली, तेव्हा बाहेर ऊन रटरटत होतं. शरणबसप्पा घामानं निथळत आत आले. सवयीनं त्यांचा हात पंख्याच्या बटणाकडं गेला. काळ्या पुठ्ठ्यावर रांग लागली होती, एकशे सदतीस.

त्यांनी हात मागं घेतला, दार हळूच लोटलं आणि टोपीनं वारा घ्यायला ते बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले.

अयोध्यानं एकशे अडतिसावी ठेवली.