छत्री कुठल्या देशात राहिली

माझा दादा आणि वहिनी एकदा आगगाडीने सात देश फिरून आले. प्रवास दीडेक महिन्याचा होता. गोष्ट मात्र पुढे कित्येक वर्षं चालली. त्यांच्या घरी पाहुण्याला चहा मिळेलच याची खात्री नव्हती, प्रवास मिळायचा. गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा दुसऱ्या देशाच्या सीमेपर्यंत जाऊन यायचा.

त्या देशांना आपापली नावं होती, पण ती आमच्याकडे कोणी वापरत नसे. दाढदुखीचा देश, उलट्या शिक्क्याचा देश, दादा वरच्या बर्थवरून खाली आला तो देश, अशी नावं दोघांनी पाडली होती. आणि एक छत्रीचा देश. तो नक्की कितवा, यावर घरात कायमचा तंटा होता.

सांगायचं काम दादाचं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि जन्मभर लोकांना 'आता दिसतं का?' विचारून त्याच्या आवाजाला असं काही वजन आलं होतं, की ऐकणारा आपोआप ताठ बसायचा. दुरुस्तीचं काम वहिनींचं. त्या छापखान्यात मुद्रितशोधक होत्या. शाळेची पुस्तकं, गाड्यांची वेळापत्रकं, औषधाच्या खोक्यातले घडी घातलेले आणि कोणीही न वाचणारे कागद, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. नजरेखालून गेलं की त्यात चूक जिवंत राहत नसे.

दादा सुरुवात करायचा. "तर तिसऱ्या देशात, फलाटावर, माझी काळी छत्री..."

"चौथ्या," स्वयंपाकघरातून आवाज.

"बरं, चौथ्या. फलाटावर..."

"वेटिंग रूममध्ये. आणि काळी नव्हती, हिरवी होती. बाटलीसारखी."

"रंगाने काय फरक पडतो? राहिली ती राहिली."

"राहिली नाही, तुम्ही विसरलात."

एवढं झालं की वहिनी हात पुसत बाहेर यायच्या, स्टुलाच्या कडेवर टेकायच्या, आणि गाडी पुढच्या देशाकडे निघायची ती दोघांना घेऊन. पाहुणा असला काय, नसला काय.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. माणूस एकाच जागी दर वेळी चुकतो आणि दुरुस्ती ऐकूनही पुढच्या वेळी तिथेच चुकतो, याची कारणमीमांसा मी करून ठेवली होती: दादाचं वय झालं. याहून खोल जायची गरज मला वाटली नाही. तर्कशास्त्राचा हाच फायदा आहे, कुठे थांबायचं ते आपण ठरवतो.

मग वहिनींना झटका आला. उजवा हात गेला आणि शब्द गेले. हात थोडाफार परतला. शब्दांचा पत्ता नव्हता. डोळे उघडे, नजर स्वच्छ, भरवलं की खायच्या, पण समोरचा माणूस त्यांना किती कळतोय हे डॉक्टरही सांगेनात. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, की जे काही परत यायचं ते पहिल्या सहा महिन्यांतच येतं. वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई घरी यायला लागल्या. दादाने त्यांचं नाव शब्दबाई ठेवलं.

"दोघांनी मिळून केलेल्या गोष्टीबद्दल बोलत जा," शब्दबाई म्हणाल्या. "रोज. शब्द ओळखीच्या वाटेने येतो. असं काही आहे का तुमच्याकडे?"

"आहे थोडंसं," दादा म्हणाला.

मी रविवारी दुपारी जायचो. खिडकीशी पलंग, पलंगाशी दादाची खुर्ची, खुर्चीखाली औषधांचं खोकं. पहिल्या रविवारी मी दारातच थबकलो.

"तर पाचव्या देशात," दादा सांगत होता, "बोटीवर, माझी लाल टोपी राहिली."

वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती. तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं, आणि त्या ते मन लावून बघत होत्या.

"आपण नऊ देश फिरलो," दादा म्हणाला. मग थांबला. गाडी स्टेशनात शिरताना माणूस दाराशी उभा राहतो तसा वहिनींकडे झुकून थांबला. मग म्हणाला, "विमानाने."

मला धसका बसला. एक बोलत नाही आणि दुसऱ्याच्या डोक्यातून प्रवासच पुसला गेला, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. मी त्याला स्वयंपाकघरात नेलं.

"दादा, छत्री होती ती. चौथ्या देशात. आणि विमान कुठून आलं?"

"मला माहीत आहे."

"मग?"

"हळू बोल." त्याने नळ सोडला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. "हिचा छापखाना बंद पडला आठवतो? हिला काढलं नाही, छापखानाच मिटला. घरी बसली. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणारं माणूस, आणि आपल्या घरात चूक म्हणून शोधायला नाही. मीठ बरोबर, बिलं बरोबर. आठ-आठ दिवस तोंड उघडायची नाही. म्हणून तर मी तो प्रवास काढला."

"मग प्रवासात बोलल्या असतील की."

"खिडकीबाहेर बघत होती. अख्खे सात देश." दादाने पेला उगाच विसळला. "परत आल्यावर पहिला पाहुणा आला आणि मी खरंच चुकलो, चौथ्याला तिसरा म्हणालो. ही आतून बोलली. बाहेर आली. तासभर बसली. मग मी काय केलं असेल, तूच सांग. तू प्राध्यापक."

त्याने रोजच्या रोज, पक्ष्याला दाणे टाकावेत तशा चुका टाकल्या होत्या. तिसरा, फलाट, काळी. दाणे तेच, कारण पक्षी तेच टिपायचा.

"आता छोट्या चुकांनी भागत नाही," दादा म्हणाला. "मोठ्या करून बघतोय. कधीतरी हिला सहन होणार नाही. तू मात्र मध्ये तोंड घालू नकोस."

मी नाही घातलं. घातलं शेजारच्या निवृत्त बँक मॅनेजरांनी. ते आजाऱ्याच्या समाचाराला आले होते आणि पंधरा मिनिटं त्यांनी मोठ्या कष्टाने दम धरला. दादा सहाव्या देशात पोचला आणि दाढ वहिनींची दुखली असं म्हणाला, तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"अहो, दाढ तुमची दुखली होती. दुसऱ्या देशात. आम्हाला पाठ आहे हो."

दादा उठला. "साहेब, तुम्ही होता का गाडीत?"

"नाही, पण..."

"तिकीट होतं?"

"काय हे, मी आपलं..."

"मग उतरा."

मॅनेजर उतरले. जिन्यात मला म्हणाले, "तुमच्या बंधूंनाही कोणाला तरी दाखवा." मी म्हणालो, बघतो.

महिने गेले. दादाच्या प्रवासात हत्ती आले, दरोडेखोर आले, एका देशात तर दादा-वहिनींचं लग्नही नव्याने लागलं. वहिनींनी त्यालाही हरकत घेतली नाही. शेवटी शब्दबाईंनी चहाचा कप बशीत नीट ठेवला आणि म्हणाल्या, "आता आपण अपेक्षा जरा कमी ठेवू या." हे वाक्य त्या शिकूनच आल्या असाव्यात; फार सफाईने आलं.

त्याच्या पुढच्या रविवारी दादाने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर नवा चष्मा ठेवताना तो बोलायचा, तसा हळू बोलला.

"आज खरं सांगतो," तो वहिनींना म्हणाला. "एकदाच. मग त्रास देणार नाही."

आणि त्याने सगळा प्रवास बरोबर सांगितला. पहिला देश पावसात गेला. दुसऱ्यात त्याची दाढ. तिसऱ्यात सीमेवरच्या पोरगेल्या अधिकाऱ्याने शिक्का उलटा मारला आणि वहिनींनी त्याला तो सुलटा मारायला लावला. खरा प्रवास इतका छोटा निघाला, की माझा चहासुद्धा निवला नव्हता. हत्ती नाहीत, काही नाही. दोन माणसं, एक खिडकी, उकडलेली अंडी आणि पाव.

"चौथ्या देशात वेटिंग रूम होती," दादा म्हणाला. "भिंतीवर वेळापत्रक. भाषा आपल्याला येत नव्हती, पण आकडे येत होते. दोन गाड्या एकाच वेळी एकाच फलाटावर दाखवल्या होत्या. तू ती चूक बघितलीस आणि उठलीस. म्हणालीस, हे सांगायला हवं. मी म्हटलं, सोड, आपला देश नाही. तू गेलीस. खिडकीतल्या माणसाला बोटांनी समजावत होतीस, तो हसत होता, आणि आपली गाडी सुटायला लागली. आपण धावलो. हिरवी छत्री बाकावर राहिली." तो थांबला. "ती मी नाही विसरलो. तू विसरलीस. इतकी वर्षं मी माझ्यावर घेतलं, कारण तेवढीच एक चूक तू कधी दुरुस्त केली नाहीस."

वहिनींनी भिंतीवरून नजर काढली. दादाकडे वळवली. आणि मान हलवली: नाही.

डावीकडून उजवीकडे, स्पष्ट. मी पाहिलं.

"बघितलंस?" दादाचा आवाज फाटला. "नाही म्हणाली. कबूल करत नाही. अरे, हीच ती." तो पलंगाच्या कडेवर बसला. "मी विसरलो? मी?"

नाही.

"मग तूच ना?"

नाही.

दादा हसला. मी हसलो नाही, कारण मला पुढची पायरी दिसत होती, आणि ती दिसणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

"पाणी देऊ?" मी विचारलं.

वहिनींनी मान हलवली, नाही. मी पेला ओठांशी नेला. त्या सगळं पाणी प्यायल्या.

दादाचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातलं माणूस गेलं. मग त्याने विचारलं, "मी तुझा नवरा ना गं?"

नाही.

मी निघालो तेव्हा तो औषधांचं खोकं आवरत होता. म्हणाला, "तू येत जा." मी म्हटलं, येतो.

आठवडाभर मी फोन केला नाही. काय बोलायचं असतं अशा वेळी ते माझ्या विषयात शिकवत नाहीत. रविवारी गेलो तर दार नुसतं लोटलेलं, आणि आतून दादाचा आवाज येत होता, तो जुना, पाहुण्यांसाठीचा.

"तर तिसऱ्या देशात..."

मी आत डोकावलो. वहिनींनी मान हलवली. नाही.

"तिसरा नाही? बरं बाई, चौथा. तर फलाटावर..."

नाही.

"फलाट नाही, वेटिंग रूम. चुकलो. माझी काळी छत्री..."

नाही.

"हिरवी. हो, हिरवी. बाटलीसारखी." दादाने माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल होते, दाढी पुन्हा वाढली होती. "ये. बस. अशीच होती ना रे ही आधी?"

"अगदी अशीच," मी म्हणालो आणि स्टुलाच्या कडेवर टेकलो.

दादा पुढे चुकत गेला, एकही जागा न सोडता. वहिनी मान हलवत राहिल्या. आणि त्या दुपारी, सातही देशांत, दर वेळी त्यांचंच बरोबर होतं.